तेराशे नऊ फसली

आमच्या घराण्यावर गावाने एक शिक्का मारून ठेवला होता: ज्वारीसाठी बाटलेले. माझ्या आजोबांनी मोठ्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला आणि त्याच साली मिशनच्या लोकांनी उपाशी माणसांना ज्वारी वाटली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गावाने त्यांची एकमेकींशी गाठ मारली आणि ती पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात अडकवून दिली. शाळेत भांडण झालं की समोरची पोरगी हटकून ज्वारीचं नाव काढायची आणि मी तिच्या झिंज्या धरायचे. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे.

बाबा कधी भांडत नसत. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि रविवारी आमच्या दहा-बारा घरांच्या मंडळीपुढे उपदेश करायचे. आमचं गाव वालूरच्या पलीकडे, काळ्या रानातलं. पगारी पाळक तिथे कोण येणार? शनिवारी खडूने हात पांढरे झालेले बाबा रविवारी तेच हात धुऊन प्रार्थनेला जोडायचे. ज्वारीचा टोमणा त्यांच्या कानावर पडला की ते मान खाली घालून पुढे जात. मला वाटायचं, बाबा भित्रे आहेत. ते भित्रे नव्हते. त्यांना गावाला आकड्यांनी गप्प करायचं होतं. आपला बाप पोटासाठी गेला नाही, देवाने जगाच्या आरंभीच ठरवून ठेवलेल्या वेळी गेला, हे त्यांना बेरीज-वजाबाकीने सिद्ध करायचं होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली.

मांजरपाटाच्या लांबलचक कापडावर त्यांनी आदामापासूनचा काळ काढला होता. जलप्रलय, अब्राहाम, मिसरातून सुटका, देवळाचा पाडाव, सगळं एका रेघेवर. मध्ये बाबेलच्या राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा. त्याचं सोन्याचं डोकं हळदीने रंगवलेलं, चांदीची छाती चुन्याने, पितळेचं पोट गेरूने आणि लोखंडाचे पाय काजळाने. बाबा छडी लावून सांगायचे, हे बाबेलचं राज्य, हे पारसाचं, हे ग्रीकांचं, हे रोमचं. चारही राज्यं यायच्या आधीच संदेष्ट्याला कळली होती. मग सत्तर सप्तकं. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे खरं एक वर्ष, म्हणून सात दिवसांचं एक सप्तक सात वर्षांचं. यरुशलेम पुन्हा बांधायचा हुकूम सुटला तिथून एकोणसत्तर सप्तकं मोजली की ख्रिस्ताचा काळ येतो. बाबा फळ्यावर हा गुणाकार करून दाखवत आणि शेवटचा आकडा जुळला की खडू खाली ठेवून आमच्याकडे बघत. मंडळीतल्या बायांना गुणाकार येत नव्हता, तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा. आज इतकं होऊन गेल्यावरही तो गुणाकार मनात केला की तोच काटा पुन्हा येतो, हे कबूल केलं पाहिजे.

इथपर्यंत बाबा मळलेल्या वाटेने चालत होते. पुढची वाट त्यांनी स्वतः पाडली. देवाचे लोक बाबेलात सत्तर वर्षं कैदेत होते, मग त्यांची सुटका झाली. बाबा म्हणायचे, आपले लोकही तसेच. आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून आपण गावात परक्यासारखे राहतो आहोत, म्हणजे आपलीही सत्तर वर्षं तिथून धरायची. सत्तर संपली की मोठ्या संकटाने शेवटचं सप्तक सुरू होणार, त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे साडेतीन वर्षांनी, प्रभू येणार. आजोबांच्या बाप्तिस्म्याचं साल घरात सगळ्यांना पाठ होतं: तेराशे नऊ फसली. निजामाच्या राज्यात सरकारदरबारी फसली सनच चालायचा, त्यामुळे जुन्या माणसांचे जन्ममृत्यूही त्याच सनात. फसलीत ठरावीक आकडा मिळवला की इंग्रजी साल निघतं. एका शिबिराला उत्तरेकडचे एक उपदेशक आले होते, त्यांनी बाबांना सांगितलं की पाचशे त्र्याण्णव मिळवा. बाबांनी मिळवले. त्यात सत्तर घातले. उत्तर आलं एकोणीसशे बहात्तर.

हे उत्तर बाबांनी मंडळीपुढे वर्षभर आधीच सांगितलं होतं. तेव्हा मागे बसलेले दोघेतिघे तोंड लपवून हसलेही होते.

बहात्तर साली मृग कोरडा गेला. पुनर्वसू गेला, पुष्य गेला. पेरलेलं उगवून करपलं, मग दुबार पेरायला बी उरलं नाही. श्रावणात विहिरींचे तळ दिसायला लागले आणि हसणारे दोघेतिघे पुढच्या सतरंजीवर येऊन बसले. गावातली इतर माणसंही आमच्या ओट्याशी येऊन उभी राहायची. ज्यांनी आम्हाला जन्मभर ज्वारीवरून हिणवलं, ते विचारायचे, "मास्तर, तुमच्या शास्त्रात पान्याचं काय लिव्हलंय?" बाबा त्यांना कापड उलगडून दाखवायचे. त्या दिवसांत त्यांची चाल बदलली. मी अकरा-बारा वर्षांची होते आणि खोटं कशाला बोलू, मला दुष्काळाचा अभिमान वाटत होता. आमचा हिशोब बरोबर आला होता.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होती. तिचा आवाज मोकळा होता. बाबांचं कापड घेऊन आसपासच्या गावांत जायचं तर अक्का आधी गाणं म्हणायची, मग बायांना वेगळं बसवून सगळं सोप्या बोलीत समजावायची. बाबांपेक्षा ती बरं समजावते असं बायाच म्हणत. पण अक्काचं मन दुसरीकडे होतं. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी तिला टायफॉइड झाला तेव्हा ती मिशनच्या दवाखान्यात राहिली होती, तेव्हापासून हे वेड. त्या दुष्काळात तिथल्या मेट्रनबाई आमच्याकडे आल्या, अक्काशी बोलल्या आणि म्हणाल्या, जागा आहे, मुलीला पाठवा, तीन वर्षांचा कोर्स, राहणं-जेवण तिथेच. घरात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी चालू होत्या. एक तोंड कमी होणार होतं आणि मुलगी पायावर उभी राहणार होती. दुसऱ्या कुठल्याही घरात पेढे वाटले असते.

बाबा म्हणाले, "तीन वर्षांचा कोर्स. म्हणजे ही पास होयाच्या आधी प्रभू येणार. राहिलेल्या दिवसांत मानसाचा आत्मा वाचवायचा का पट्ट्या बांधत बसायचं?"

मेट्रनबाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, प्रभू आले तर दवाखान्यातही येतील की. बाबा हसले नाहीत.

त्या संध्याकाळी अक्का बाबांच्या समोर येऊन बसली. ती रडत नव्हती. तिचाही त्या हिशोबावर विश्वास होता, हे लोकांना सांगूनही पटत नाही. ती आटलेल्या विहिरी डोळ्यांनी बघत होती, मग कसा विश्वास बसणार नाही?

"बाबा, एकच सांगा," ती म्हणाली. "हिशोब पक्का हाय ना? तुमी पक्का म्हणलात तर मी न्हाई जात."

"पक्का," बाबा म्हणाले.

माय चुलीपुढे होती. मिलोची भाकरी थापताना मोडते म्हणून ती हात ओला करून करून थापत होती. मेट्रनबाई सकाळच्या एस्टीने परत गेल्या आणि ती जागा दुसऱ्या कुणा मुलीला मिळाली.

उन्हाळ्यात गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. अर्धं गाव तिथे खडी फोडायला. माय आणि अक्काही जायला लागल्या, कारण बाबांच्या पगारात धाकटी भावंडं धरून आम्ही सहा माणसं आणि उपदेश ऐकायला येणारे पाहुणे भागत नव्हते. दुपारी मुलांना सुकडी मिळायची, म्हणून मीही मागे जायचे. मॅट्रिक झालेल्या अक्काच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. बाबा रविवारी सांगत, थोडंच राहिलंय, सोसा.

तिथे आमच्या शेजारच्या ढिगावर एक धनगराची बाई असायची. मेंढरं चाऱ्यावाचून मेली तशी ती कामावर आलेली. तिला दिवस भरत आले होते, पण मुकादमाला कळलं तर काम बंद होईल म्हणून ती पदर पुढे घेऊन बसायची. वैशाखातल्या भर दुपारी तिला तिथेच कळा सुरू झाल्या. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. आम्हा पोरींना हाकललं, तरी मी खडीच्या ढिगामागून बघितलं. मूल झालं, रडलंही. पण बाईचं रक्त थांबेना. म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या, कुणी म्हणे पोट दाबा, कुणी म्हणे हात लावू नका. एक जण अक्काला म्हणाली, "तू शिकलेली हायस ना गं, सांग की काय करायचं." अक्का पाण्याचा तांब्या धरून उभी होती. सेलूला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, बैलही हाडं निघालेले. ती बाई वाटेतच गेली. मूल दोन-चार दिवस जगलं म्हणे.

घरी आल्यावर अक्काने तांब्या घासला, पुन्हा घासला. मग मायला म्हणाली, "मेट्रनबाईनं मला हेच शिकवलं असतं. पयल्याच वर्षी." माय तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली तर अक्का बाजूला सरकली.

आणि त्या रविवारी बाबांनी काय करावं? त्यांनी त्या बाईवर उपदेश केला. शास्त्रात शेवटच्या काळाला वेणांची उपमा आहे. बाबा म्हणाले, आपल्या डोळ्यांदेखत देवाने खूण दाखवली, जगाला कळा लागल्या आहेत, आता नवी पृथ्वी जन्मणार. ते चांगलं बोलले. बाया हुंदके द्यायला लागल्या. अक्का मात्र भर उपासनेत उठली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि घरी निघून गेली. त्यानंतर ती कापडापुढे कधी गायली नाही. बाबांना माझा राग कधी आला असेल-नसेल, मला त्यांचा राग त्या रविवारी आला आणि तो अजून आहे. त्यांना त्या बाईची दया आली नव्हती असं नाही. पण दया यायच्या आधी त्यांना पुरावा दिसला.

पुढच्या मृगात पाऊस पडला. भरपूर पडला. मला वाटलं, आता बाबा म्हणतील की चुकलं. पण बाबांच्या हिशोबात पावसालाही जागा होती. देव अखेरच्या आधी थोडा अवकाश देतो, माणसांनी वळावं म्हणून. पंचाहत्तर साली आणीबाणी आली तेव्हा तर ते ओट्यावर रेडिओ कानाला लावून बसायचे आणि मान हलवायचे. मंडळी धास्तावलेली. एका घराने पोरीची सोयरीक लांबणीवर टाकली, एकाने पडकं छप्पर शाकारलंच नाही, एकाने शेळ्या विकून सगळ्यांना जेवण घातलं. अक्काला दोनदा मागणी आली. बाबा म्हणाले, आता कशाला? मला वाटतं अक्काला आता हिशोब पटत नव्हता, पण हिशोब खोटा असेल तर आपण कशासाठी थांबलो, हा विचार तिला त्याहून जास्त नको होता.

बहात्तरच्या मृगापासूनची साडेतीन वर्षं पंचाहत्तरच्या नाताळात भरत होती. नाताळ झाला. डिसेंबर सरला. नव्या सालाच्या सकाळी मंडळी धुतलेले कपडे घालून आमच्या अंगणात बसली होती. थंडी होती. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ज्वारीच्या रानाकडे गोफण घेऊन निघालं होतं, एक म्हैस ओरडत होती, ऊन वर आलं. मग शेळ्या विकलेला माणूस आधी उठला. धोतर झटकून तो गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. बाबा भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

माय अंगणातल्या सतरंज्या गोळा करत होती. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मागल्या बारीलाबी असंच झालं होतं."

अक्का दारात होती. "कवा मागल्या बारीला?"

माय थांबली. मग तिने सांगून टाकलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा पाचशे नव्वद मिळवले होते. ते निजामाच्या शाळेत पाटीवर फसली सन लिहूनच मोठे झालेले, आपल्या मुलखात पाचशे नव्वद मिळवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. त्या हिशोबाने सत्तर वर्षं एकोणसत्तर सालीच भरत होती. बाबांनी ते एकट्या मायला सांगितलं होतं. दोघांनी उपास केले, वाट बघितली. त्या साली ना दुष्काळ पडला, ना काही झालं. मग उत्तरेचे पाहुणे आले, त्यांच्याकडच्या फसलीत पाचशे त्र्याण्णव मिळवतात, आणि बाबांनी ते उचललं. दुष्काळ पडल्यावर त्यांना वाटलं, देवानेच चूक दुरुस्त करून दिली.

"मी इचारलं तवा तू तिथंच होतीस," अक्का मायला म्हणाली.

"होते," माय म्हणाली. "पर पानी खरंच पडलं न्हवतं गं. मला वाटलं, ह्या बारीला खरं असंल."

त्याच आठवड्यात अक्का एकटी मिशनच्या दवाखान्यात गेली. मेट्रनबाई बदलून गेल्या होत्या. नव्या बाईंनी सांगितलं, वय जास्त झालं, मॅट्रिक होऊनही इतकी वर्षं गेली, आता घेता येणार नाही. आयाची जागा रिकामी आहे, हवी तर घे. अक्काने घेतली. भांडी उचलायची, चादरी बदलायच्या, बाळंतिणींच्या खोलीत फरशी पुसायची. तिची जागा मिळून नर्स झालेल्या मुलीच्या हाताखालीच तिने काम केलं, असं मला पुढे कळलं. ती मुलगी चांगली होती, अक्काला ताई म्हणायची.

बाबांची मंडळी पांगली. निम्मे लोक सेलूच्या चर्चला जायला लागले, काही कुठेच जाईनात. गावात आता ज्वारीसोबत आणखी एक टोमणा आला. बाबा शाळा करायचे, घरी यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. मला वाटलं, तो नाद सुटला. मग एका रविवारी अक्का सुट्टीवर आलेली असताना बाबांनी तिला हाक मारली. त्यांचा चेहरा पुष्कळ दिवसांनी उजळला होता. ओट्याच्या शहाबादी फरशीवर त्यांनी खडूने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली होती, तिच्यावर खुणा केल्या होत्या.

"चूक सापडली," ते म्हणाले. "सुरुवातच चुकीच्या जागेवरून धरली होती. देवाची योजना चुकत न्हाई, आपली बेरीज चुकते. ये, बघ."

मला वाटलं, आता अक्का खडू फेकून देईल. मी असते तर दिला असता. पण अक्का रेघेशेजारी उकिडवी बसली आणि बाबांनी सांगितलं तेवढं सगळं तिने ऐकलं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांचं ऐकत असावी तसं, मध्ये न बोलता. आदाम झाला, जलप्रलय झाला, कैद झाली, आजोबा झाले, नवं साल झालं. बाबांचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, ह्यात मी कुठं हाय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग रेघेकडे. ते गुडघ्यांवर आले. आजोबांच्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथून पुढे पुढे सरकवत नेलं, शेवटापर्यंत. मग परत मागे आणलं. पुन्हा पुढे नेलं, जरा हळू. अक्काची एस्टीची वेळ झाली होती, माय आतून हाका मारत होती, पण ती तशीच बसून राहिली, कारण तिला खरंच उत्तर हवं होतं.